साळूबाईच्या नावाची पत्रिका

मालनबाई : पत्रिका परत द्यायला आलात व्हय, पाटलीणबाई? ठेवा तिथं ओट्यावर. तुमच्या लेकानं, काकासाहेबानं, त्याची तर सकाळीच चौकात फाडली.

साळूबाई : त्याचं त्याला माहीत. ही माझी हाय. तुझा देवानंद कुठंय? इचारायचंय त्याला, ही चुकून आली का बराबर आली?

देवानंद : बिलकुल बराबर, काकू. माझ्या बहिणीच्या, उषाच्या लग्नाला आख्खं गाव यावं म्हणून मतदार यादीच घेऊन बसल्तो. एक नाव, एक पत्रिका.

मालनबाई : शिकलेलं येडं! अरे, पत्रिका घराला एक असती. आन् विधवेच्या नावानं कोण धाडतं?

देवानंद : मला काय माहीत, माय? यादीत कोण विधवा हाय ते लिव्हलेलं नसतं.

साळूबाई : बावीस वरसं झाली मालक जाऊन. तवापून लग्न म्हणलं की मी कोठीत. पोटच्या लेकीची हळद दाराआडून बघितली. काल नातवाला माझं नाव तीनदा वाचायला लावलं.

मालनबाई : तुम्ही कोठीत, आन् आम्ही उकिरड्यापाशी, शेवटच्या पंगतीला. तवा दिसत नव्हतं व्हय?

साळूबाई : दिसत व्हतं. खोटं कशाला बोलू? गप बसले.

मालनबाई : ...हं. मंग या लग्नाला. मधोमध बसवते.

साळूबाई : काकासाहेब म्हन्तो, बौद्धवाड्यात जेवलीस तर घरात घेणार न्हाई.

देवानंद : घर कोणाच्या नावावर हाय, काकू?

साळूबाई : माझ्या.

देवानंद : मंग?

साळूबाई : अगं बाई! हे मला सुचलंच न्हाई की गं, मालन!

मालनबाई : हसता काय नुसत्या? उषाची हळद दळायचीय. धरा खुंटा.

साळूबाई : मी? विधवेचा हात हळदीला?

मालनबाई : माझ्या हाताचा तर तुम्हा लोकांनी जन्मभर इटाळ धरला. धरू दोघी एकच खुंटा. बघू तरी, हळद काळी पडती का.

साळूबाई : सरक तिकडं.

(जातं घरघरू लागतं.)

साळूबाई : हळद दळिते, उषाच्या नावाची,
पिवळी झाली धूळ, साऱ्या गावाची...

देवानंद : काकू, काकासाहेब आलाय. कोपऱ्यावर उभा राहून ऐकून राह्यलाय.

साळूबाई : ऐकू दे. मालन, जोरात फिरव गं. ओवी पुढं चालली, जातं मागं राह्यलं.