बाबांकडे उरलेला शब्द

आई : पुन्हा बघ डिक्शनरीत. दुसरा काहीतरी अर्थ असेल त्याचा.

मुलगी : किती वेळा बघू? डार्लिंग म्हणजे लाडकं माणूस. आणि तू आधी बस बघू. मघापासून ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या चालल्यात तुझ्या.

आई : बसवत नाही मला. झटका आल्यापासून ह्यांची वाचा गेली. माझं नाव गेलं, तुझं गेलं, पाणी मागायचं गेलं. उरलं काय, तर डार्लिंग. नर्सला डार्लिंग, उशीला डार्लिंग. काल दाढी करायला न्हावी आला, त्यालाही तेच.

मुलगी : बिचारा लाजून लाल झाला.

आई : हसू नकोस. उभ्या जन्मात मला कधी म्हणाले नाहीत. मला आपलं 'अगं'. मग हा शब्द ह्यांच्या तोंडात बसला कुणामुळे?

मुलगी : डॉक्टर म्हणाल्या ना, अशा आजारात कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो.

आई : रोजच्या वापरातला राहतो, असंही म्हणाल्या. ऐकलंय मी. म्हणून तर जीव थाऱ्यावर नाही. कुठून आला हा शब्द?

मुलगी : जुन्या इंग्रजीतून. 'डिअर' म्हणजे प्रिय, मोलाचं. त्याला मागून एक शेपटी जोडली, इंग्रजीत बदकाच्या पिल्लाच्या नावाला, डकलिंगला, असते तीच. म्हणजे लाडकं, इवलंसं.

आई : इंग्रजांच्या घरचं नाही विचारत मी. आपल्या घरात कुठून आला? हे कामाला होते त्या छापखान्यात टाइप करायला एक होती. उंच टाचांची.

मुलगी : आई, मी मघाशी औषधं आणायला गेले ना, तेव्हा प्रेसमधल्या काकांना गाठलं. आल्यापासून सांगायला बघतेय, पण तू बोलू देशील तर.

आई : सांग. कोण आहे ती?

मुलगी : कटिंग मशीन.

आई : माझी थट्टा करू नकोस आत्ता.

मुलगी : खरंच गं. त्यांच्याकडे म्हणे रीत होती. मशीनला शिवी द्यायची नाही. शिवी दिली की ते बोट खातं, असं सगळे मानायचे. कागद अडकला की हात घालण्याआधी हळूच म्हणायचं, डार्लिंग. बाबा सगळ्यांत जास्त म्हणायचे. फार घाबरायचे म्हणे.

आई : हे? घाबरायचे?

मुलगी : रोज. पात्याखाली हात जायचा ना.

आई : घरी कधी बोलले नाहीत. दहाही बोटं शाबूत घेऊन घरी बसले, मी आपली नशीब म्हणत राहिले. म्हणजे नर्सला, उशीला...

मुलगी : ती कुणाला हाक नाहीये. त्या कागदासारखा आतल्या आत शब्द अडकतोय त्यांचा.

आई : भीती वाटतेय ह्यांना.

मुलगी : वाटत असणार.

आई : आणि मी कालपासून तोंड फिरवून औषध देतेय.

बाबा (आतल्या खोलीतून) : डार्लिंग... डार्लिंग...

मुलगी : थांब, मी जाते.

आई : तू बस. अहो, आले. सावकाश, काही घाई नाही. हात द्या इकडे.