बत्त्याच्या वजनानं

सरस्वतीबाई: लई हळू फिरवून राहिलात बाई तुम्ही. आज मला काही लागंनाच. जरा दाबा की.

बुद्धप्रिया: लागावं म्हणून फिरवत नाही मी ही लोखंडी पट्टी तुमच्या व्रणावर, मावशी. हात सैल सोडा.

सरस्वतीबाई: माहूरहून पहाटची एसटी धरायची, नांदेडला यायचं, अन् तुम्ही लोण्यावरून सुरी फिरवल्यावानी करणार.

अंबिका: आत्या, गप बसा ना. मागं जोर लावला तव्हा काय झालं, विसरलात का?

सरस्वतीबाई: सून हाय का फौजदार हाय ही?

बुद्धप्रिया: सून सोबत होती म्हणून खरं तरी कळलं मला. श्रावणात तुम्ही तळवा उघडून दाखवलात, तेव्हा घाबरलेच होते मी. भाजल्यासारखा लाल.

सरस्वतीबाई: मला वाटलं, तुमची पट्टी लोखंडाची, आमचा अडकित्ता बी लोखंडाचाच. त्याची पाठ अशीच वाकडी. अन् मुका मार लागला की चुना-हळद लावतेतच की घरोघर.

बुद्धप्रिया: मुक्या मारावर. टाक्यांच्या व्रणावर चुना लावून वरून अडकित्ता घासायचा, हे कोणत्या घरी करतात?

अंबिका: आमच्या. देवीच्या विड्याचं दुकान हाय मॅडम, चुन्याला काय तोटा.

बुद्धप्रिया: तीन आठवडे वाया गेले त्यात. कातडी भरून येईपर्यंत पट्टी कपाटात ठेवावी लागली.

सरस्वतीबाई: हाव, अन् मला शाळेतल्या पोरीवानी झापलं.

बुद्धप्रिया: झापलं नाही. एकच विचारलं होतं, तांबूल कुटताना किती जोर लावता?

सरस्वतीबाई: जोर लावायचाच न्हाई. बत्ता उचलायचा अन् सोडायचा. त्याच्या वजनानं कुटलं जातं. जोर लावला की पान काळं पडतंय अन् सुपारी तशीच राहती.

बुद्धप्रिया: पट्टीचंही तेच. गुलकंदाची बरणी हातात फुटली, तळव्याला टाके पडले. वरून जखम भरली, पण आत व्रण नसांना चिकटून बसला. म्हणून बोटं वळेनात. तो हळूहळू सुटा करायचा, ओरबाडायचा नाही. सुरुवातीला पट्टीखाली मला रवाळ लागायचं, जाड रव्यावरून फिरवल्यासारखं.

सरस्वतीबाई: अन् आता?

बुद्धप्रिया: आता सरळ जाते. करंगळीपाशी थोडं आहे अजून.

सरस्वतीबाई: बत्त्याखाली बी असंच कळतं. डोळ्याचं कामच न्हाई.

बुद्धप्रिया: परवा घट बसतात ना?

सरस्वतीबाई: म्हणून तर जीव टांगणीला हाय. लखननं मिक्सर आणून ठेवलाय. खोकं फोडलं न्हाई अजून. म्हणला, आई, घटापर्यंत तुझा हात चालला तर ठीक, न्हाई तर मी मिक्सर लावतो. माझी सासू कुटायची, मागून मी. मिक्सरात तांबूल न्हाई होत बाई, चटणी होती. अन् मी मग दुकानात काय करू? खुर्चीवर बसून येणारा-जाणारा बघू?

बुद्धप्रिया: अंबिका, तुझं काय म्हणणं?

सरस्वतीबाई: तिला काय विचारता? तिलाच पायजे व्हता मिक्सर.

अंबिका: म्हणा, म्हणा.

बुद्धप्रिया: बरं, झालं. हात पुसा. वैशाखात टाके काढले तेव्हा बोटं तळव्यापासून दोन बोटं लांब राहायची. आज वळा बघू मूठ. सावकाश.

(सरस्वतीबाई डोळे गच्च मिटून उजवी मूठ वळते.)

अंबिका: आत्या, डोळे उघडा. लागली. चारी बोटं लागली तळव्याला.

सरस्वतीबाई: बाई, तुम्ही सांगा. ही मन राखायला बोलून राहिली.

बुद्धप्रिया: लागली मावशी. करंगळीसुद्धा. माझी दोन बोटं धरा. दाबा. आणखी. अहो, सोडा आता, मला दुसरे पेशंट आहेत.

सरस्वतीबाई: रडू येऊन राहिलं मला.

बुद्धप्रिया: येऊ द्या. मलाही येतंय.

सरस्वतीबाई: पण मूठ वळली म्हणून बत्ता उचलंल असं थोडंच हाय? लखन मूठ न्हाई बघणार.

अंबिका: मॅडम, ती खुर्चीखालची पिशवी जरा इकडं द्या.

बुद्धप्रिया: एवढी जड? काय आहे हिच्यात?

अंबिका: खलबत्ता. पानं, सुपारी, कात, बडीशेप सगळं हाय.

सरस्वतीबाई: हे तू माहूरपासून मांडीवर घेऊन आलीस? मला म्हणलीस मॅडमला सीताफळं हायेत.

अंबिका: सीताफळं बी हायेत, दोन. आत्या, मला मिक्सर नको व्हता. तुम्ही कुटायच्या तव्हा मी शेजारी बसून शिकत व्हते. मिक्सर आला तर मला कोण शिकवणार?

सरस्वतीबाई: मग तोंडानं बोलायचं की.

अंबिका: रोज सकाळी खोबरेल लावून अंगठ्यानं व्रण चोळून देत व्हते तुमचा, ते काय व्हतं?

सरस्वतीबाई: चुकलंच माझं. ये, इथं बस जवळ.

बुद्धप्रिया: मोठ्या डॉक्टरांनी वजन उचलायला हो म्हटलंय, पण थोडंच कुटायचं. आणि खाली दातांचा दवाखाना आहे. कोणाची दाढ काढत असतील तर दचकतील.

सरस्वतीबाई: खाली सतरंजी टाका मग. दे गं, आधी सुपारी. पानं नंतर. हे बघ, असा धरायचा. उचलला. सोडला. उचलला. सोडला. बाई, उचलून राहिला की हो माझा हात.

बुद्धप्रिया: बघतेय मावशी. वास सुटला.

सरस्वतीबाई: अंबिका, लखनला फोन लाव. आवाज मोठा कर अन् खलबत्त्यापाशी ठेव. बोलू नको काही.

लखन: हां, बोल अंबिका. काय म्हणल्या मॅडम? हॅलो? कसलं ठकठक होऊन राहिलं तिकडं?

अंबिका: ऐका फक्त.

लखन: आई कुटून राहिली का?

सरस्वतीबाई: मग काय शेजारीण कुटंल?

लखन: आई, परवासाठी पानं किती धुऊन ठेवू?