म्हाळसाबाईचा शिकंजा

— न्हाई, ती शाल माझ्या खांद्यावर टाकायची न्हाई, संपतराव, सांगून ठेवते! घडी घाला तिची आन् ठेवा तिकडं ताटात, त्या नारळाशेजारी. भायेर ओट्यावर पंधरा माणसं बसवलीत, म्हाळसाबाईचा सत्कार हाय म्हणून — कुणी मागितला व्हता सत्कार? मी? सकाळी पिंपरी पेंढारवरनं निघाले, दोन एष्ट्या बदलल्या, उभ्यानं आले लोणीपातुर, ती काय शाल पांघरायला? ही पिशवी बघा — शिकंजा हाय, ड्रिल हाय, टेप हाय, पेन्सिल हाय. तुमच्या धाकट्या भावाच्या नव्या घरातलं किचन मोजायला आले मी. तुमीच बोलला व्हता पाडव्याला, ह्याच दारात उभं राहून, 'मावशी, धाकट्याचं किचनबी तुमीच बसवायचं.' आन् आता काय, तर बसा, टेका, चहा घ्या, आन् मग हळूच — 'मावशी, आता आराम करा, धाकट्याचं काम मंचरचा सुदर्शन करील.' अहो, कामावरनं माणूस काढला की लोक म्हणत्यात, त्याला नारळ दिला. नुसतं म्हणत्यात! तुमी तर खराखुरा आणलाय, शेंडी ठेवून, कुंकू लावून!

हसू नका. हसण्यासारखं काय बोलले न्हाई मी.

काय? वय? एकाहत्तर हाय, मग? तुमच्या आईला, साळुबाईला, शहात्तर हायेत, तिच्या हातची भाकरी खाता न्हवं दोन टायमाला? तिला दिला का नारळ? तर न्हाई. मग मी विचारलं, खरं सांगा, वय सोडून दुसरं काय हाय — तवा तुमी मला धरून आत आणलं आन् बोट दाखवलं. बोट दाखवायला इतके दिवस लागले तुमाला! गेल्या दिवाळीआधी बसवलं हे किचन मी, ही शेगडीवरची दोन कपाटं, हा त्यांचा सांधा — आन् श्रावणात हा सांधा उकलला, दार दाराला घासाय लागलं, हिसका मारून उघडलं तर लोणच्याची बरणी तुमच्या सुनेच्या पायावर पडली. तीन टाके पडले पोरीला! आन् मला कुणी फोन केला? कुणी न्हाई. का, तर 'मावशीला वाईट वाटंल'. अहो, वाईट वाटू द्या की! शिव्या घालायच्या व्हत्या! 'म्हाळसाबाई, काय काम केलंस तू' म्हणून बोंबलायचं व्हतं, मी दुसऱ्या दिशी पयल्या गाडीनं आले असते. शिव्या माणूस माणसाला देतो, संपतराव. शाल देत्यात ती मेलेल्या कामाला.

आता माझं ऐका. ही चूक माझी न्हाई. न्हाईच. का न्हाई ते सांगते, उभे राहा नीट, मोबाईल खिशात ठेवा.

हा शिकंजा बघा. हातात घ्या, चावत न्हाई. हे दोन जबडे — एक ह्या कपाटाच्या कडेला, एक शेजारच्याच्या. मधली ही मूठ पिळली की दोन्ही कपाटं एकमेकांकडं सरकत्यात, पार चिकटत्यात. आन् वरनं हा तिसरा स्क्रू हाय बारका, तो कशाला, तर दोन्हीची तोंडं एका रेघेत आणायला — एक पुढं, एक मागं असं राहू नये म्हणून. हे सगळं झालं, मग भोक पाडायचं, मग स्क्रू मारायचा, आन् मगच शिकंजा सोडायचा. उलटं केलं की मेलं काम. तुमचा तो सुदर्शन काय करतो ठाऊक हाय? मी बघितलाय त्याला, मंचरला, एका डॉक्टरच्या घरी. एक कपाट गुडघ्यानं दाबतो, दुसरं खांद्यानं, आन् मशीन लावून घर्रकन स्क्रू! म्हणतो स्क्रू वढून घेतो आपोआप. काय वढून घेतो, कपाळ? स्क्रूचे आटे दोन्ही फळ्यांत बसले की मधी जेवढी फट व्हती तेवढी तशीच ऱ्हाती — स्क्रूच ती फट धरून बसतो! वरनं सनमायका दिसतो चकचकीत, आन् सहा महिन्यानं भांड्यांचा भार पडला की सांधा दात दाखवतो. असलं काम मी जन्मात केलं न्हाई.

आन् हे जबड्यांच्या आतलं काळं काय चिकटवलंय, बघितलं? घोंगडीचा तुकडा हाय. माझ्या बापाच्या घोंगडीचा, सोनबाच्या. दुकानातनं शिकंजा येतो त्याला रबर असतं, ते सनमायक्यावर डाग सोडतं, घसरतं बी. मी रबर काढून टाकलं आन् घोंगडी लावली. हे कुणी शिकवलं न्हाई मला. माझा बाप मेंढरं कातरायचा ना, मेंढी दोन गुडघ्यांत धरून — लई दाबली तर ती घाबरून लाथा झाडती, ढिली धरली तर कात्री कातड्यात जाती. बाप म्हणायचा, धर अशी की ती हलली न्हाई पायजे आन् तिचा श्वास थांबला न्हाई पायजे. तेवढंच. फळीला बी तेवढंच लागतं! तुमी हसाल, पण पयलं कपाट मी शिकंज्यात धरलं तवा माझ्या गुडघ्यांना आधी कळलं, मग हाताला.

शाळा म्हणता? शाळा कुठली, मेंढरामागं फिरणाऱ्या पोरीला. नारायणगावात फर्निचरच्या दुकानात भुसा गोळा करायला जायचे मी, चुलीसाठी. बारा वर्षं भुसा भरला आन् बारा वर्षं बघितलं. मिस्त्री म्हणायचा, 'ए बाई, झालं न्हवं पोतं भरून, आता काय बघतीस?' बघत व्हते. माझी अक्षरं उशिरा आली, आकडे आधी आले — टेपवरचे. इंच, सूत, मिलिमीटर. मग एक दिवस मिस्त्री आलाच न्हाई, गिऱ्हाईक दारात, आन् मी म्हणलं, मी बसवते. सगळे हसले. अशेच, तुमी आता हसला तसे. बसवलं. त्या किचनची दारं आजबी एका बोटानं उघडत्यात, जाऊन बघा. ओतूर, आळे, मंचर, घोडेगाव — कुठं बी जाऊन विचारा, म्हाळसाबाईनं बसवलेला सांधा कुठाय ते दिसतं का. दिसत न्हाई! डोळ्याला दिसत न्हाई, हाताला लागत न्हाई, त्याला सांधा म्हणत्यात.

काय म्हणलात? 'तसं न्हाई मावशी, लई चांगलं केलंत, पण'? तो 'पण' काढ आधी. हां, तुमाला 'तू' म्हणतेय आता — तुझ्या आईच्या बरोबरीची हाय मी, आन् तू मला दया दाखवायला निघालास! मला शिवी चालंल, दया चालायची न्हाई. आण ते स्टूल. आण म्हणते! धरू नको, माझी मी चढते.

हं. आता बघ. खालनं उकललाय हे मला दिसतंय, आंधळी न्हाई मी. पण का उकलला? तुझ्या घरातल्यांनी ह्या कपाटांत, खालच्या फळीवर, पितळेचे हंडे ठेवले म्हणून उकलला. हे बघ, हायेतच अजून — तीन! हंडे ठेवायची जागा हाय ही? मी सांगितलं व्हतं, हितं डबे, हलके. खालचा सांधा भारानं गेला, पण वरचा बघ, वर भार न्हाई, तिथं माझं काम जसंच्या तसं हाय. हा माझा अंगठा — हा असा ह्या कपाटावरनं त्या कपाटावर फिरवला — बघ, काय लागलं? काय बी न्हाई. लोण्यासारखा गेला. ह्यालाच मी सांधा म्हणते. ये, तू बी फिरव. ये इकडं, हात वर कर, तुझी उंची हाय. फिरव अंगठा. कळंल तुला म्हातारीचं काम काय असतं ते.

काय झालं?

काय झालं, थांबलास का? फिरव की पुढं.

लागतंय? कुठं लागतंय? काय तरी सांगतो... तुझे हात ट्रॅक्टरवरचे, तुला काय कळतंय. परत फिरव. तिथंच? तिथंच परत? दाखव — हितं? ह्याच जागी माझा अंगठा आत्ता गेला न्हवं का. गेला ना? तूच बघितलंस. हे बघ, परत जातो. काय सुदिक लागत न्हाई.

नख लाव म्हणतोस? लावते की. नखाला काय...

...

अडलं. नख अडलं.

तू गप ऱ्हा. बोलू नको काय. उतरते मी — धरू नको म्हणलं न्हवं! धर. धर जरा.

ह्यात बघण्यासारखं काय न्हाई, असा बघू नको माझ्याकडं. साखर हाय मला, सगळ्यांनाच असती आजकाल. डॉक्टरीण म्हणली, बोटांच्या शेवटाला मुंग्या येतील, मग मुंग्या बी यायच्या न्हाईत. मी म्हणलं, बरं हाय, मग चटके बसायचे न्हाईत. तिला लई हसू आलं. मला वाटलं, उजवा गेला तरी डावा हाय. मग डाव्यानं बघाय लागले. सांधा बघायच्या आधी जिभेवर अंगठा लावायचा, ओला केला की जरा कळतं — कळायचं. गेल्या दिवाळीपातुर कळायचं. असं मला वाटत व्हतं. हितं तुमच्यात काम करताना बी मी अंगठा फिरवला, एकदा न्हाई चारदा, आन् चारी वेळा लोणी! आता अंगठ्यानंच खोटं सांगितलं तर माणसानं कुणाला विचारायचं? चाळीस वर्षं ज्याच्यावर इसवास ठेवला तो अंगठा आपल्याला फसवील असं कुणाला वाटंल?

पण सनमायक्याला नख अडणं वेगळं आन् सांधा उकलणं वेगळं, हे तुला कळतंय का? न्हाई कळत. कळत न्हाई तेच बरं. अंगठा चुकला तर तोंडं पुढं-मागं व्हतील, बाकी काय न्हाई. फट पडायची तर शिकंजाच ढिला पायजे. आन् शिकंजा मी...

काय बघतोस? म्हणला न्हाईस तरी तेच मनात हाय तुझ्या. शिकंजा लावला व्हता. घोंगडी मधी घालून लावला व्हता, जबडे सरळ व्हते, सगळं व्हतं. मूठ पिळत आणली, पिळत आणली, आन् शेवटी मनगटातला जोर सरला. पुढं जाईना. मी दोन्ही हातांनी धरली, दातांखाली पदर धरला, जाईना. किती ऱ्हायली व्हती? अर्धा फेरा. एवढासाच. अर्ध्या फेऱ्यात काय ऱ्हातंय — कागद जाईल एवढी फट. तुझी सून चहाचा कप घेऊन हितंच उभी व्हती, श्रेया. तिनं बघितलं. आन् पोर काय म्हणली, 'आजी, मी पिळू का?' साधं विचारलं तिनं. आन् मी तिच्या अंगावर धावून गेले — बाजूला हो, म्हणलं, हे काय लाटणं न्हाई, कुणीबी यावं आन् फिरवावं! तिचा चहा सांडला. तिनं निमूट फरशी पुसली आन् गेली. आन् मी तिची पाठ फिरायची वाट बघितली, आन् तसाच स्क्रू मारला.

हां. तसाच. सुदर्शन मारतो तसा. त्याला निदान ठाऊक तरी न्हाई. मला ठाऊक व्हतं.

आन् बरणी पडली ती कुणाच्या पायावर, तर तिच्याच.

न्हाई, आता तू 'जाऊ द्या मावशी' म्हणू नको. तोंड उघडलंस तर ह्या शिकंज्यानं हाणीन. धाकट्याचं काम ज्याला द्यायचं त्याला दे, सुदर्शनला दे, कुणाला बी दे, मी त्यावर आता एक शब्द बोलायची न्हाई, बोलायचा हक्क ऱ्हायला न्हाई मला. पण हा सांधा माझा हाय. माझं वाकडं दुसऱ्यानं येऊन सरळ करायचं न्हाई, मी जित्ती असताना. ते हंडे उतरव आधी, तुझे हात लांब हायेत. ठेव खाली. आता ओट्यावरच्या माणसांना सांग, सत्कार न्हाई, घरी जावा, म्हातारी कामाला बसलीय. आन् तू बी भायेर जा — आन् श्रेयाला आत धाड, म्हणावं म्हाळसाबाईला मूठ पिळायला हात पायजे.