बिबट्याचा ठसा

सहलीचं कौतुक मला सांगू नका. थोरल्या मुलाने मला अर्ध्या दिवसाच्या सहलीला नेलं होतं. आधी प्रवरेच्या पाण्यात होडी, मग अभयारण्य. तिथे गाईडने चिखलातला ठसा दाखवला. "बिबट्या! आवाज करू नका."

सगळे मोबाईल काढून वाकले. मी म्हणालो, "नखं उमटलीत. बिबट्या नखं आत वढून चालतो. कुत्र्याचा पाय हाय हा."

"आबा, गप बसा," थोरला म्हणाला. "त्यानं ट्रेनिंग घेतलंय. तुमी चौथी नापास." लोक हसले. त्याने फोटो गावच्या ग्रुपवर टाकला.

तेवढ्यात झुडपातून तांबडं कुत्रं आलं आणि गाईडच्या खिशाला नाक लावून बसलं. गाईडने खिशातलं बिस्कीट काढून दिलं.

गावात परतलो तर पारावर गर्दी. "आबा, बिबट्या दिसला म्हणं?"

मी थोरल्याकडे बघितलं. "दिसला. बिस्कीट खात हुता."