सात पिवळ्यांना, एक निळ्यांना

— नाय नाय मॅडम, बसा. तुमच्या मानसशास्त्राबद्दल तक्रार नाय माझी, तक्रार जेवणाची आहे. काल सांजेपासून सकुबाई, म्हणजे आमच्या घरच्या — चूल पेटवतात, पण माझं ताट मांडत नाय. का? तुमचा तो खेळ! समाजमंदिरात चिठ्ठ्या काढायला लावल्यात — कुणाला पिवळी रिबन, कुणाला निळी. मी हसलो. म्हटलं, डोळखांबच्या डोंगरात भावकी, पाडा, पक्ष, भजनी मंडळ, इतके गट पचवले, रिबिनीनं काय होतंय? तुमी म्हणालात, ‘आपण एक’ एवढं वाटलं तरी माणसांचा गट होतो, काका. मी म्हटलं, माणसांचा होत असंल, या चंदरचा नाय होणार! हां, छाती काढून म्हटलं.

आणि मग? तासाभरात बुधू सज्जन दिसायला लागला मला — माझ्यासारखाच पिवळा ना तो! बांधावरून ज्याच्याशी बोलणं नाय, तो बुधू! त्याचा बैलसुद्धा निळ्यांच्या बैलाशेजारी चरंना — हसू नका, देवाशपथ. मग तुमी आडोशाला नेऊन राजगिऱ्याचे लाडू वाटायला सांगितलेत. एक पिवळा माणूस, एक निळा, नावं सांगणार नाय म्हणालात. पिवळ्याला बारा नि निळ्याला अकरा — नायतर पिवळ्याला सात, निळ्याला एक. शाळेतलं पोरगं पण बारा घेईल ना? मी सात घेतले! आपल्याच माणसाचे पाच घालवले — कशापायी? निळ्याच्या हातात एकच दिसावा म्हणून! काय गोड वाटलं मॅडम, लाडवापेक्षा गोड.

बरं, गप बसावं ना? घरी जाऊन मीच फुशारक्या मारल्या — एका निळ्याची कशी जिरवली! सकुबाईनं पदराच्या गाठीतून एक लाडू काढला, माझ्यापुढं ठेवला. एकच लाडू मिळालेली निळी तीच होती ना.

तुमी चला घरी. सांगा तिला, परदेशातली शिकलेली पोरं पण असंच वागली — तुमीच म्हणालात ना? चंदर वाईट नाय, हे शास्त्र आहे, सांगा.

काय? मलाच निळ्यांत टाकता? तिच्या शेजारी बसवता? द्या की रिबन, द्या... थांबा. निळा? मी? मॅडम, तुमाला ठाऊक नाय कसे असतात ते — एका लाडवापायी नवऱ्याला उपाशी ठेवणारी माणसं ती! ठेवा ती रिबन पिशवीत. आणि उठा आता — बुधू येतोय, आमचं पिवळ्यांचं जरा बोलायचंय.