लघुग्रहाची न दिसलेली बाजू

मंडळी, तुम्ही आलात. असीरगढहून ह्यांचे विद्यार्थी आलेत, गल्लीतले सगळे आलेत. नवऱ्याबद्दल बायकोनं उभं राहून बोलायची आपल्याकडे रीत नाही. तरी बोलते, कारण जो तो मला एकच विचारून राहिला: वहिनी, दिवा का हलवला?

हौ. हलवला. मीच हलवला.

हे छतावर, दुर्बिणीजवळ गेले. बसल्या जागी प्राण गेला. शाळा सुटली की ह्यांचं काम एकच, लघुग्रहाचा उजेड मोजायचा. लघुग्रह म्हणजे आभाळात फिरणारा लांबुळका दगड. रुंद बाजू समोर आली की उजेड वाढतो, अरुंद आली की घटतो. त्यावरून त्याची गिरकी मोजतात. पण ह्या दगडाची गिरकी जवळजवळ आपल्या एका दिवसाएवढी. म्हणून बुऱ्हाणपुराला रोज तीच बाजू. "रोज तेच तोंड दाखवतो," हे वैतागायचे. मात्र रोज तो जरासा सरकत होता. दुसरी बाजू ह्याच आठवड्यात येणार होती. मग तो सूर्याआड जाणार.

हे गेले. थोरल्या भाऊजींनी रीतीप्रमाणे त्या जागी दिवा ठेवला. आणि अंधार पडल्यावर दुर्बीण घरघर करत आपोआप वळली. महिनाभराचं काम हे तिला आधीच लावून गेले होते. सुतकाच्या घरात वर ती एकटी जागी. मी तिनं काढलेले फोटो पाहिले. सगळ्यांवर दिव्याचा पिवळा उजेड, दगड दिसेना.

भाऊजी म्हणाले, दिवा हलला तर जीव वाट चुकतो. मला भीती वाटली नाही का? फार वाटली. दिवा पदराआड धरून जिना उतरले, तेव्हा मागून कुणीतरी उतरतंय असं वाटत होतं. मी वळून पाहिलं नाही. दिवा खाली ओसरीत ठेवला.

काल ती बाजू आली. ह्यांना वाटायचं, ती पहिलीसारखीच असेल. नव्हती. उजेड उतरत गेला. उतरतच गेला. कुणी हात आडवा धरावा तसा. मग हळूहळू परत आला. ते पाहायला हे हवे होते हो.

भाऊजी, ह्यांचा जीव वाट चुकला असेल, तर माझ्यामुळे चुकला. पण चुकून कुठे गेला असेल, ते मला माहीत आहे.

आता अंगणातला बल्ब मालवते. थोडा वेळ सगळे गप्प बसू. वरून घरघर ऐकू येईल. दचकू नका. कुणी वर जाऊ नका. त्यांचं काम चालू आहे.