सतरा उबळी

(टक्. मधाच्या बाटलीचं झाकण उघडतं. पाळण्याशी सासू आणि सून.)

सून : ते झाकण लावा, आई.

सासू : अगं, नुसतं बोट चाटवते. दीड महिन्याचं पोर, घसा सोलून निघाला असेल.

सून : वर्षाच्या आत मध नाही. बोटभरही नाही.

सासू : तुझ्या नवऱ्याला मी मधावरच वाढवला. काय वाईट झालं त्याचं?

सून : काही नाही, चांगला ऐंशी किलोचा झालाय. पण ह्याला मिळणार नाही. ती दुपटी पिशवीत भरा. गाडी बोलावलीय, मोठ्या दवाखान्यात चाललेय मी.

सासू : कालच डॉक्टरांनी पाहिलं ना? साधी सर्दी म्हणाले. चिऊचा नाही का गेला खोकला, आपोआप?

सून : चिऊ पाच वर्षांची आहे. आणि काल लबाड तिथे गाढ झोपला होता, एकदा खोकेल तर शपथ! म्हणून आज सकाळी फोनवर टेप केलं. ऐका.

सासू : बंद कर गं. ऐकवत नाही.

सून : मलाही ऐकवत नव्हतं. तरी मोजत बसले. सतरा उबळी एका दमात. मग श्वासच नाही. ओठ जांभळे. तळपायाला टिचक्या मारल्या तेव्हा कुठे रडला. आज हे डॉक्टरांच्या टेबलावर लावणार. त्यांनी शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही, मग बाहेर रांग लागू दे.

सासू : मोठी डॉक्टरीण लागून गेलीस!

सून : त्याची आई लागून गेलेय. डांग्या खोकला आहे हा. आणि तुम्हीही चला. महिना झाला खोकताय.

सासू : माझा आपला सवयीचा.

सून : तोच सवयीचा खोकला घेऊन दिवसभर त्याला छातीशी धरता. तुम्हाला नुसती ढास लागते, आई. त्याचा श्वास थांबतो. तुमच्याकडूनच आलाय त्याला.

सासू : मी? माझ्या नातवाला मी...

सून : रडायचं नंतर. हा रुमाल तोंडाला बांधा.

सासू : ...दे. पिशवी मी घेते. तू त्याला नीट धर.

सून : चिऊ, चपला घाल. चल, गाडी आली.

चिऊ : आई, बाळाला आजीने खोकला दिला?

सून : चपला, चिऊ.

चिऊ : पण आजीच्या आधी मी खोकत होते. मग आजीला मी दिला का?